पेनच्या कपातलं कुंकू

आमच्या घरात त्या हत्याराला पेन म्हणत. त्याचं खरं नाव एअरब्रश, हे मला पुष्कळ नंतर कळलं. दिसायलाही तो जाड पेनासारखाच होता. पितळेचा, वरून चकचकीत, पुढे निमुळतं तोंड, पोटातून आरपार गेलेली लांब सुई आणि पाठीवर रंग ओतायला एक इवलासा कप. हळदीकुंकवाच्या कोयरीत असते तेवढी वाटी. या कपापायी माझ्यावर एक आळ आला होता. तो कसा आला आणि मी त्याचं काय केलं, ते लिहून ठेवते.

हे कोणाला दाखवायचं नाही. मी चार वर्ग शिकले. लिहिता येतं, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. गिऱ्हाईक आलं की मी दारामागे जायची. आर्वीत आमच्या गल्लीतल्या अर्ध्या बायांना मी मुकीच वाटायची. कंप्रेसर सुरू झाला की मात्र मला बरं वाटायचं, कारण त्या आवाजात कोणी कोणाशी बोलूच शकत नव्हतं.

बाबा सुतार. दारं-खिडक्यांची कामं वर्षभर चालायची, पण त्यांचा जीव होता लाकडी नंदीत. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोळ्याला खरे बैल, तान्ह्या पोळ्याला लेकरांचे लाकडी. लेकरं चाकावरचे नंदी ओढत मारोतीच्या चौकात आणतात, तिथे पूजा होते, मग घरोघर फिरून बोजारा मागतात. कोणी खाऊ देतं, कोणी पैसे. ज्याचा नंदी देखणा, त्याचा रुबाब.

बाबांचे नंदी खेळण्यातले वाटत नसत. आणि नंदीला जुंपायची गाडी तर ते मोजून करत. खऱ्या गाडीच्या एका विताला इथे एक बोट. जू, साटी, धुरा, चाकाचे आरे, सगळं त्याच मापात. एकदा गिरडकडची कोणाची तरी दमणी, म्हणजे माणसं बसायची छपराची हलकी गाडी, डेपोजवळच्या झाडाखाली सुटलेली दिसली. बाबा तिच्याखाली उताणे निजून धुरा मोजत होते आणि गाडीवाला ओरडत होता, "ओ मिस्त्री, चाक चोरता का काय?"

पेन आणला दादाने. तो नागपूरला एका पेंटरकडे मोटरसायकलच्या टाक्या रंगवायला शिकत होता. परत आला तेव्हा त्याच्यासोबत हा पेन आणि जुन्या फ्रिजची मोटर लावून केलेला कंप्रेसर होता. तेव्हा आर्वीत एसटीडीचे पिवळे बूथ नवे नवे लागले होते, आणि आमच्या घरात हे आलं. ब्रशने रंगवलेला नंदी पांढरा म्हणजे पांढराच दिसतो. पेनने दादा त्याच्या पोटाखाली, मानेखाली लोंबणाऱ्या पोळीत, खुरांजवळ राखाडी सावली मारायचा. रंग कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळायचंच नाही. लाकूड आहे हे डोळा विसरून जायचा.

डोळ्यांभोवती तर तो धुरासारखी काळी कड उठवायचा. त्या काळ्यात शेवटी पांढरा थेंब पडायचा. तो थेंब बाबा द्यायचे, अंघोळ करून, डोक्याला टोपी घालून. त्याला आमच्याकडे डोळे उघडणं म्हणत. थेंब दिल्यावर तो नंदी. त्याआधी लाकूड.

माझं काम लाकडाला काचकागद घासणं, भोकांत लांबीचा लगदा भरणं, अस्तर मारणं. आणि पेन धुणं.

"म्या बी मारून पाहू का, दादा?" एकदा धीर करून विचारलं होतं.

"बाईमानसाचा हात हालते," तो म्हणाला. "तू धुत जाय. तुयासारखं कोनी धूत नाई."

ते खरं होतं. दादाला धुण्याचा कंटाळा. तो हात पुसून पानठेल्यावर जायचा आणि मी पेन घेऊन मागच्या पडवीत बसायची. पेन धुणं म्हणजे भांडं घासणं नव्हे. आधी कपातला उरलेला रंग ओतून द्यायचा. कप चिंधीने पुसायचा. मग थोडं थिनर घालून हवेने बाहेर मारायचं. मग तोंडावर बोट धरून खटका ओढायचा. हवा उलटी फिरते आणि कपात बुडबुडे येतात, आत चिकटलेला रंग वर येतो. तो ओतायचा, पुन्हा थिनर. पाण्यासारखं स्वच्छ येईपर्यंत. मग मागची टोपी काढून सुई सैल करायची आणि सरळ मागे ओढून घ्यायची, जराही तिरकी न होऊ देता. सुईचं टोक दिसत नाही इतकं बारीक असतं. ते वाकलं तर रंग एका बाजूला थुंकतो. टोक नखावरून हलकंच फिरवायचं. नखाला आकडी लागली तर समजायचं, वाकलं. पुढचं तोंड तर ज्वारीच्या दाण्याएवढं. ते हातातून पडलं की शेणाने सारवलेल्या पडवीत शोधत बसा. म्हणून मी मांडीवर पांढरं फडकं अंथरायची.

पण या धुण्यात माझा एक फायदा होता, आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही. थिनर बाहेर मारावंच लागतं. सुरुवातीला त्यात रंग असतो, फिकट का होईना. तो मी जुन्या वर्तमानपत्रावर मारायची. कोण काय म्हणणार? धूतच तर होते. खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. आधी हात हलवायचा, मग रंग सोडायचा. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. उलटं केलं की डाग. जवळ धरला आणि पातळ असला की रंगाला कोळ्यासारखे पाय फुटतात. हे मला कोणी सांगितलं नाही. वर्तमानपत्राने सांगितलं. किती वर्षं मी धुवणाच्या पाण्याने बैलांची कपाळं, डोळे, पोळ्या काढल्या आणि त्याच कागदांनी चूल पेटवली. हात हलत नव्हता. हललाच तर माझ्या म्हणण्याने हलत होता.

मग तो दसरा आला.

आदल्या संध्याकाळी दादाने एक लाल टाकी रंगवली आणि पेन तसाच माझ्यासाठी ठेवून गेला. पण मी त्याच दुपारी बाहेर बसले होते. आमच्याकडे बाई महिन्याची बाहेर बसली की चार दिवस पडवीच्या कोपऱ्यातली गोणपाटाची जागा तिची. स्वयंपाकघर नाही, देव नाही, हत्यारं नाहीत. दसऱ्याला तर हत्यारांची पूजा, तेव्हा मी त्या दिशेला पाहिलेलंही मायला चालत नव्हतं.

सकाळी मायने सगळी हत्यारं ओळीने पाटावर मांडली. करवत, रंधा, पटाशा, वाकस. शेवटी पेन. मला पडवीतून दिसत होतं की त्याच्या तोंडावर लाल रंग वाळून आला आहे.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "माय, पेन धुतला नाई. दादाले म्हना, आंधी धुवून घे."

माय केवढ्याने ओरडली! "तू बोलू नोको तिथून! पुजा हाय इथं. तोंड तिकडं कर."

दादा अंघोळीला गेला होता, बाबा झेंडूची फुलं आणायला. मी तोंड फिरवलं. फिरवण्याआधी एवढं पाहिलं, की मायने करवतीला कुंकवाचं बोट लावलं, रंध्याला लावलं, सगळ्यांवर तेलाचं बोट फिरवलं आणि पेनपाशी आल्यावर तिला तो कप दिसला. एवढीशी वाटी, कोयरीसारखी. तिने त्या वाटीत आधी हळद घातली, मग चिमूटभर कुंकू, वर दोन अक्षता, वर तेलाचा थेंब. आणि मनापासून हात जोडले.

तो पेन तसाच दिवसभर पाटावर राहिला. दुसऱ्या दिवशी दादाने खटका ओढला तर सुई हलेना. वाळलेला रंग, तेल आणि हळदकुंकू यांचा आत लेप बसला होता. दादाने पकडीने सुई ओढली. टोक वाकलं. मग त्याने पेन भिंतीवर फेकला.

"पूजा केली त्या दिवसालेच मेला! काऊन मेला?"

माय माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "काऊन म्हंजे? हे बाहेर बसली आन् तिथून त्याच्याकडं पाहून बोलली. सावली पडली. दुसरं काय?"

मला कपातलं कुंकू माहीत होतं आणि मी बोलले नाही, कारण मला बोलता येत नव्हतं. पण हे मी कबुली म्हणून लिहीत नाही. त्यात माझी काही चूक नव्हती. जे झालं ते एवढंच, की गल्लीत सगळ्यांना कळलं, मिस्त्रीच्या पोरीच्या विटाळाने हवेचा पेन बिघडला. नळावर एक बाई मला म्हणाली, "तुया हंडा जरा तिकडं ठेव वो, आमच्या नळालेबी काई होऊन जाईन." सगळ्या हसल्या. मीही हंडा उचलून तिकडे ठेवला. तो हंडा उचलल्याचा राग अजून माझ्या हातात आहे.

दिवाळीनंतर दादा वर्ध्याला गेला. नालवाडीत ट्रकच्या बॉड्या रंगवणाऱ्याकडे त्याला काम मिळालं. तिथे मोठ्या गनचं काम. पेन त्याने माळ्यावर फेकून दिला.

तो गेला त्याच आठवड्यात मी पेन खाली काढला. तोंड उघडून थिनरच्या वाटीत भिजत घातलं. बाकीचा दांडा नाही घालायचा, आतलं रबर फुगतं. दुपारी पाहिलं तर थिनर लाल, आणि तळाला पिवळा गाळ. हळद. मी ती वाटी उन्हात धरून पुष्कळ वेळ पाहत बसले. माझी सावली वाटीच्या तळाला पिवळी होऊन बसली होती तर!

सुईचं टोक सरळ करायला बाबांचा पटाशीला धार लावायचा तेलाचा दगड हवा होता. तो मागायला गेले. बाबांनी माझ्या हातातला पेन पाहिला, दगड पाहिला, आणि दगड फडक्याने पुसून माझ्याकडे सरकवला. "हलक्या हातानं," एवढंच म्हणाले. दगडावर सुई निजवून गोल फिरवत फिरवत मागे ओढायची. नखावर पाहायची, पुन्हा ओढायची. तोंडातला लेप मी टाचणीने टोकरला नाही. टाचणीने भोक मोठं होतं. बैलाच्या शेपटीचा एक केस घेतला आणि थिनरमध्ये बुडवून आरपार केला. पेन सुरू झाला. पहिला फवारा मी त्याच जागी, गोणपाटाच्या कोपऱ्यातल्या भिंतीवर मारला. बैलाचा एक डोळा काढला. नंतर त्याच्यावर मायने चुना मारला.

पुढच्या उन्हाळ्यापासून नंदी मी रंगवू लागले. बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, पोरगा रविवारी येऊन रंगवून जाते. दादा येतही होता, पण झोपायला. मी दारामागून ऐकायची. मायची अट एकच, त्या चार दिवसांत पेनला हात नाही. मी मान डोलावली होती. मान डोलावणं मला सोपं जायचं.

पोळ्याच्या आधी कापडाच्या दुकानवाल्या शेटजींचं काम आलं. नातवासाठी नंदीची जोडी आणि तिला जुंपलेली दमणी. बाबांनी त्यात जीव ओतला. दमणीच्या छपराचे कांब मोजून वाकवले. मी अंग पांढरं केलं, सावल्या मारल्या, शिंगांना टोकाकडे काळं उतरवत नेलं. फक्त डोळे राहिले होते. आणि पोळ्याच्या आदल्या सकाळी मी बाहेर बसले.

मायने दादाला बोलावणं धाडलं. तो दुपारी पावसात भिजत आला, बस पकडून परत जायच्या घाईत. मी माझ्या कोपऱ्यातून पाहत होते. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. खालची चावी उघडून ते आधी सोडून द्यावं लागतं. मोठ्या कारखान्यात ते काम दुसऱ्याचं असेल, त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने पहिल्या नंदीच्या डोळ्याला कड मारली आणि पेनने रंगासोबत पाणी थुंकलं. काळ्यात पांढरट फोड उठले आणि एक ओघळ गालावरून खाली आला. रडल्यासारखा.

"जाऊ दे," दादा म्हणाला. "लेकराचं खेळनं हाय. बाबा, तुमी थेंब देऊन टाका, दिसत नाई मंग."

आणि त्याने पेन पाटावर ठेवला, कपात काळा रंग तसाच, आणि छत्री घेऊन डेपोकडे पळाला.

पेन पाटावर. कपात रंग. मी गोणपाटावर. अगदी तोच देखावा. सकाळपर्यंत सुई पुन्हा चिकटणार होती, आणि चिकटली की नाव माझंच येणार होतं. तोंड फिरवून बसले तरी माझं, न बसले तरी माझं. मग बसायचं कशाला?

मी उठले आणि आत गेले.

माय पुरणाची डाळ निवडत होती. "थांब! थांब तिथंच! नंदी हाय थो!"

"अजून थेंब नाई दिला," मी म्हटलं. "अजून लाकूडच हाय."

"तुले काई लाज?"

मी पेन उचलला. आधी टाकीतलं पाणी सोडलं, ते फसकन बाहेर आलं आणि मायचं पुढचं बोलणं त्यात बुडालं. मग पेन धुतला, पूर्ण, सुई काढून. हात हलला नाही. बिघडलेला गाल पाण्यात भिजवलेल्या बारीक काचकागदाने घासला, पाऊस थांबून ऊन पडेपर्यंत वाळू दिला. पांढरा मारला. मग काळा, ताकाच्या निवळीइतका पातळ, दुरून, जराजरासा, धूर बसावा तसा. माय दारात उभी होती. तिने मला ओढलं नाही, कारण ओढायला मला शिवावं लागलं असतं. तिचाच नियम तिला आडवा आला.

चारही डोळ्यांच्या कडा झाल्या. बाबा अंघोळ करून, टोपी घालून आले, तोवर मी बारीक ब्रशने तीन डोळ्यांत थेंब दिला होता.

बाबा पाहत राहिले. "तू बाहेर होती न?"

"होती. हावो अजून."

त्यांनी हात पुढे केला. "हा राह्यला तो मले दे."

"नाई, बाबा. चारी एका हाताचे पाह्यजे. नाई तं नंदी तिरळा पाह्यते."

माझ्या आयुष्यात बाबांना नाही म्हणायची ती पहिली वेळ. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी टोपी काढून खिशात घातली आणि ओट्यावर जाऊन पाठ करून बसले. आपण पाहिलंच नाही म्हणजे झालंच नाही, असा त्यांचा हिशेब. मला ते मायच्या ओरडण्याहून जास्त लागलं. चौथा थेंब मी त्यांच्या पाठीकडे पाहून दिला.

तान्ह्या पोळ्याला चौक भरला होता. नंद्यांना झूल, गळ्यात माळा, लेकरं नव्या कपड्यांत. शेटजींचा नातू दमणी ओढत आला आणि लोक बाजूला झाले. मी मायच्या मागे उभी होते. तिसरा दिवस होता, मी तिथे यायला नको होतं, हे आम्हा घरच्यांनाच माहीत होतं.

शेटजी वाकून पाहत होते. "अरे वा मिस्त्री! डोये तं पाहा, आता पापनी हालवते का काय! पोरानं केले?"

"हो जी," बाबा म्हणाले. "त्यानंच."

"नाई," मी म्हटलं.

ढोल वाजत होता. कोणी ऐकलं नाही. मायने ऐकलं. तिची नखं माझ्या दंडात रुतली. शिवली की ती मला, भर चौकात!

मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "नाई. डोये म्या काढले. सगया रंग म्या मारला."

शेटजी सरळ झाले. "मिस्त्री, तुमची पोरगी बोलते बी का? आमाले वाटे मुकी हाय!"

बाया हसल्या. नळावरचीही होती.

"बोलते," मी म्हटलं. "पेनबी म्याच चालवते. म्याच धुते. दादा वर्ध्याले राह्यते."

बाबा जमिनीकडे पाहत होते. शेटजींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा नंदीकडे पाहिलं. शेटाणीबाई म्हणाल्या, "कोनं का काढले असन, पाहून तं राह्यला न तो! आन हो इकडं ताट." आणि त्यांनी नंदीच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं, लेकरांनी आरोळी ठोकली. मायची नखं अजून रुतलेलीच होती. तिला भीती होती की मी पुढचंही बोलेन. मी नाही बोलले. ते शेटजींचं काम नव्हतं. ते आमच्या दोघींतलं होतं.

घरी आल्यावर मी ते काढलं. माय चुलीपुढे बसली होती, मी दारात.

"नंदीले काई झालं अस्तं तं?" ती म्हणाली. "पाप लागते, पोरी."

"झालं का काई?"

"अजून दिवस हायेत."

"लागन तं मले लागन. तू मले एक सांग. दसऱ्याले पेनच्या कपात कुंकू कोनं भरलं?"

ती फुंकणी हातात धरून थांबली. "मले वाटलं," ती हळूच म्हणाली, "थे वाटी त्याच्यासाठीच असन. साऱ्या हत्यारांत त्यालेच तेवढी वाटी होती. मले लय आवडली थे."

माझा राग तिथे अर्धा झाला, हे खरं. माझी माय कोयरी समजून मनापासून कुंकू भरते, यात काय वाईट? पण अर्धा राहिला.

"मंग म्हन एकदा. म्हन, की माह्या सावलीनं नाई झालं."

तिने फुंकणी चुलीत घातली आणि फुंकत राहिली. धूर झाला. ती म्हणाली नाही.

सव्वा महिन्याने दसरा आला. हत्यारं मीच मांडली. आदल्या दिवशी पेन धुतला, सुईला तेलाचं बोट लावलं, कप कोरडा केला आणि त्यावर त्याचं झाकण दाबून बसवलं. माय ताट घेऊन आली. करवत झाली, रंधा झाला, वाकस झालं. पेनपाशी येऊन ती थांबली. कुंकवाचं बोट तसंच हवेत.

"याले कुठी लावू?" तिने मला विचारलं.

गेल्या वर्षी मी पडवीतून तोंड उघडलं तर पूजा बाटली होती. या वर्षी पूजा मला विचारून चालली होती. तिच्याकडून मला जे वाक्य हवं होतं ते हे नव्हतं. पण ती एवढंच देऊ शकत होती, आणि मी ते घेतलं.

"शेपटीले लाव," मी म्हटलं. "कपाले नाई."

तिने मागच्या टोपीला बोट टेकवलं. मग ताट तसंच धरून, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आन् तू... तुई तारीख मांगंपुढं होते. आज बाहेर तं नाई न तू?"

"विचारू नोको, माय."

"म्हंजे?"

"म्हंजे विचारू नोको. आता म्या सांगनार नाई. आज बी नाई, पुढं बी नाई."

ती पाटापाशी उभी राहिली. मला वाटलं ताट खाली ठेवील, बाबांना हाक मारील. तिने पेनवर एक झेंडू ठेवला, तोंडावर नको म्हणून थोडा मागे सरकवला, आणि हात जोडले.

मी शब्द पाळला. त्या घरात असेपर्यंत आणि नंतर माझ्या घरी आल्यावरही, ते चार दिवस कधी आले आणि कधी गेले हे मी कोणाला सांगितलं नाही. गोणपाट मी कंप्रेसरखाली घातलं, त्याने आवाज कमी होतो. किती नंदी त्या दिवसांत रंगले, ते मला ठाऊक आहे. त्यांतला एकही लंगडा झाला नाही, लेकरांनी आपटून मोडले तेवढेच. बाबा गिऱ्हाइकाला पुढे "पोरगी रंगवते" म्हणू लागले, पण थेंबाच्या वेळी शेवटपर्यंत ओट्यावर पाठ करून बसायचे. मी त्यांना हाक मारली नाही. थेंब देऊन झाला की कंप्रेसर बंद करायची, म्हणजे त्यांना कळायचं.